कडं

सकाळी सातला इन्क्युबेटरचं दार उघडलं
की आधी वास येतो, मग दिसतात प्लेटा.
पातळ गुळवणीच्या रंगाचा थर,
त्यावर काल संध्याकाळी मी मांडलेल्या सहा टिकल्या,
एकेकीत एकेक औषध.
औषध चाललं तर टिकलीभोवती कडं पडतं,
चंद्राला खळं पडतं तसं.
मी पट्टी लावते, मिलिमीटर मोजते,
एस लिहिते किंवा आर.

अकरा नंबरच्या प्लेटवर आज
मोजायला काही नव्हतं.
साय धरलेली, या काठापासून त्या काठापर्यंत,
टिकल्यांना घासून.
जेंटामायसिन, अमिकासिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम,
नावं वाचत गेले
सगळं गाव जत्रेला गेलेल्या गल्लीत
कड्या वाजवत जावं तशी.

लूप टेकवून उचलला तर तार सुटली.
आबा गुळव्या होते, शियेच्या गुऱ्हाळावर.
पाकाची तार बघायचे आणि सांगायचे, उतरा काहील.
ही तार बघून मी काय उतरायला सांगू?

अकरा नंबर म्हणजे यल्लाप्पा व्हटकर, वय एकाहत्तर.
सुभाषनगरात जन्मभर दुसऱ्यांच्या पायांची मापं घेतली,
आणि स्वतःच्या अंगठ्यात आरी रुतली
ते चार दिवस कळलं नाही. साखर.
मग तीन महिने शुश्रूषा केंद्र, पाचगावच्या वाटेला.
अठरा खाटा, रात्री एकटी ताराक्का.
कूस वळव, पिशवी ओत, तोंड पूस, पुढची खाट.
सॅनिटायझरची बाटली दाराशी, तळाला बोटभर,
आणि तिच्या हातांच्या भेगांत ते मिठागत झोंबतं.
कोण म्हणणार तिला, आक्का, अठरा वेळा लाव?
मी म्हटलं नसतं.

तालमीत म्हणतात, वस्तादानं एक डाव राखून ठेवावा.
हे काही राखत नाहीत.
आपल्यातला असो, परका असो, वाटेत भेटेल त्याला
अंगाला अंग लावून देऊन टाकतात
अख्खा डाव, बारीक कड्यात गुंडाळलेला.
गंडा नाही, खुराक नाही,
लाल मातीत एक दिवस लोळणं नाही.
वीस मिनिटांत एकाचे दोन,
आणि दोघंही तयार.

साडेनऊला आयसीयूतून फोन.
इंगवले मॅडम, एक तरी एस सापडतोय काय बघा की.
जसा काही मीच तो कुठं दडवलाय,
ड्रॉवरमध्ये, ग्लोव्हजच्या खोक्यामागं.
म्हटलं, सर, कोलिस्टिन वेगळं लावलंय, उद्या.
ते म्हणाले, उद्या.
मग बराच वेळ दोन्हीकडं नुसता पंख्यांचा आवाज.

एक गोष्ट मी कुठल्याच रिपोर्टात लिहिलेली नाही.
दिवाळीनंतर रेवूला सर्दी झाली.
सर्दीवर हे चालत नाही, मला पाठ आहे,
नर्सिंगच्या पोरींना मीच शिकवते, फळ्यावर, खडूनं.
पण रविवारची रात्र होती, ती रडत होती,
कपाटात कुणाच्या तरी राहिलेल्या तीन गोळ्या होत्या.
दोन दिल्या.
बरी झाली. तशीही झाली असती.
तिसरी अजून फ्रिजवरच्या डब्यात आहे,
बटणं आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला.

हात धुतले. कोपरापर्यंत, नखांच्या आत,
नळ कोपरानं बंद.
जिन्यापाशी व्हटकरांचा मुलगा उभा होता,
रात्रभर बाकड्यावर बसून सदरा चुरगळलेला.
मॅडम, आला का रिपोर्ट?
मी म्हटलं, थोडा. उरलेला उद्या.
थोडा म्हणजे किती, त्यानं विचारलं नाही.
उलट माझ्यासाठी दार धरलं,
सगळा पंजा काचेवर टेकवून.

तो वर गेला. काचेवर पंजा राहिला,
पाच बोटं, थोडी वाफ.
मी बघत उभी,
पट्टी अजून अ‍ॅप्रनच्या खिशात.